पिंपासाठी शेरी

सिंगल माल्ट चाखताना पहिला मान नाकाचा. मग जीभ, आणि घशाची पाळी अगदी शेवटी. एका दमात घोट ढकलून वर पटकन चकली मोडणाऱ्यांच्या पंगतीत वाढलेल्या माणसाला हा क्रम पचायला जड जातो. मित्राने निमुळत्या तोंडाच्या छोट्या ग्लासात 15 वर्षांची ग्लेनफार्क्लास ओतली आणि बजावलं, “पिऊ नकोस. नुसता वास घे. तोंड थोडं उघडं ठेव, म्हणजे नाकात झिणझिण्या येणार नाहीत.” समोर व्हिस्की, तोंड उघडं, आणि तरी प्यायची नाही! आमच्या घराण्यात एवढा संयम एकादशीलाही कुणी पाळलेला नाही.

वास मात्र आला आणि मी जरा दचकलोच. मनुका, सुकं अंजीर, संत्र्याची साल, मागून हळूच लवंग. ब्रिटिश जाणकारांना इथे हटकून ख्रिसमस केक आठवतो. मला खिरापतीतली खारीक आठवली, आणि भलत्या ठिकाणी आठवली म्हणून ओशाळायलाही झालं.

गंमत अशी, की यात मनुका किंवा अंजीर कधीच पडलेलं नसतं. मोड आणलेली बार्ली, पाणी आणि यीस्ट, एवढंच भांडवल. तांब्याच्या भट्टीतून निघते तेव्हा ही व्हिस्की पाण्यासारखी नितळ असते. पुढचा संस्कार लाकडाचा. स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरल्याशिवाय तिला स्कॉच म्हणता येत नाही. ग्लेनफार्क्लास 1865 पासून ग्रँट कुटुंबाकडे आहे आणि त्यांचा जीव शेरीच्या पिंपांवर. मातीच्या जमिनीच्या, दगडी भिंतींच्या बुटक्या गोदामांत ती निवांत पडून असतात. वर्षाला साधारण 2 टक्के दारू हवेत उडते. तो म्हणे देवदूतांचा वाटा. 15 वर्षांत पाव हिस्सा गेला म्हणायचा! गोव्यातही आता सिंगल माल्ट बनते. तिथल्या उकाड्यात हे देवदूत कितीतरी जास्त पितात, यात मला तरी नवल वाटत नाही.

पण खरी कहाणी पिंपाची. शेरी ही दक्षिण स्पेनमधल्या हेरेसची वाइन. पूर्वी ती पिंपं भरभरून ब्रिटनला यायची, तिथे बाटल्यांत जायची, आणि रिकामी पिंपं मागे उरायची. काटकसरी स्कॉटिश माणूस ती वाया कशी जाऊ देईल? त्याने त्यांत व्हिस्की भरली. 1980च्या दशकात मात्र शेरी बाटलीबंद होऊनच स्पेनबाहेर पडू लागली आणि पिंपांची आयती आवक आटली. मग उलटा संसार सुरू झाला. आता पिंप मुद्दाम नवं बनवून घेतात, त्यात ओलोरोसो शेरी दीड-दोन वर्षं भरून ठेवतात, मग ती काढून पिंप स्कॉटलंडला धाडतात. ती शेरी बरेचदा कुणाच्या ग्लासात जातच नाही. तिचं व्हिनेगर होतं. पूर्वी शेरीसाठी पिंप लागायचं, आता पिंपासाठी शेरी लागते. पाचशे लिटरच्या त्या धुडाला वास लावून देऊन बिचारी निवृत्त होते. तिच्या नावाचा मोठा शिक्का मात्र व्हिस्कीच्या बाटलीवर मिरवतो, आणि त्या शिक्क्यापायी किंमत चढते.

मित्राने दोन थेंब पाणी घातलं. वास खुलला, घोट मऊ झाला, आणि बैठकीला कंठ फुटला. हे पिंप युरोपियन ओकचं की अमेरिकन? पहिल्यांदा भरलेलं की दुसऱ्यांदा? “ओलोरोसोचा कोरडेपणा शेवटी जाणवतो,” असं एकाने डोळे मिटून सांगितलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. तेवढ्यात चिवड्याची बशी घेऊन आलेल्या वहिनींनी विचारलं, “पण ती शेरी लागते कशी हो, चवीला?”

माना डोलायच्या थांबल्या. चौघांपैकी एकानेही ती कधी चाखलेली नव्हती. वहिनींनी बशी ठेवली आणि म्हणाल्या, “बरं, शेंगदाणे आधी खाऊन संपवू नका.”