थेट

आमच्या आईला पेपरातल्या दोनच बातम्या लागतात. "किरणं कुठवर आली?" आणि "पाणी कवा येणार?" हयात कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत गेलेली, वय ब्याऐंशी. ह्या दोन प्रश्नांच्या मधे जी काही दहा-बारा पानं छापली जातात ती तिच्या लेखी बांगड्या गुंडाळायचा कागद. अंबाबाईच्या गाभाऱ्यात किरणं वर्षातून दोनदाच येतात, नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर. पाण्याचा प्रश्न बारमाही.

मला मात्र पहिल्या पानापासून वाचावं लागतं. सदर लिहायचं तर राग यायला हवा, आणि सकाळी सातला फुकटात राग दुसरीकडं कुठं मिळणार? पण हल्ली पहिल्या पानावर राजकारण कुठं संपतं आणि देवधर्म कुठं सुरू होतो, हे कळेनासं झालंय. पूर्वी देव आतल्या पानात असायचे, राशिभविष्याच्या शेजारी, गरिबासारखे. आता ते पहिल्या पानावर आलेत, कोटींचे आकडे घेऊन.

शक्तिपीठ महामार्गाचंच बघा. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, खर्च साधारण ८६ हजार कोटी. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी आणि आमची अंबाबाई अशा तिघींना एका रस्त्यात ओवायचं. मी हे मोठ्यानं वाचलं, तर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यांनी मागितलाय व्हय रस्ता?"

ह्याला उत्तर नाही. देवीच्या नावानं अर्ज कुणी केला, हे अजून तरी छापून आलेलं नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्ग असताना हा दुसरा कशाला, असं शेतकरी पहिल्या दिवसापासून विचारतायत. ज्याच्या उसातून रस्ता जाणार, तो देवीचा भक्त नाही असं थोडंच आहे? तोही नवरात्रात अनवाणी दर्शनाला येतो. फक्त स्वतःच्याच रानातून यायची त्याची तयारी नाही.

आणि सुरुवात पवनारपासून! हे ज्यानं आखलं त्याला इतिहास तरी ठाऊक नसावा, नाहीतर विनोदबुद्धी तरी अफाट असावी. पवनारला विनोबांचा आश्रम. १९५१ पासून हा माणूस गावोगाव पायी हिंडला आणि हात जोडून जमीन मागत राहिला. लोकांनी दिलीसुद्धा. आता त्याच गावातून निघणारा रस्ता जमीन मागत बसत नाही, मोजूनच घेतो. भूदान ते भूसंपादन, असा पहिला टप्पा कागदावर केव्हाच पूर्ण झालाय.

ह्या रस्त्याचं आणखी एक वैशिष्ट्य. तो निवडणुकीत दिसेनासा होतो. २०२४ च्या विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यापुरती अधिसूचना रद्द झाली. पुढाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, मतं पडली, गुलाल उधळला गेला. २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं भूसंपादनासाठी वीस हजार कोटींच्या वरची तरतूद मंजूर केली, आणि रस्ता पावसाळी आळंबीसारखा पुन्हा उगवला. मग वळवू, बदलू, चर्चा करू. एवढी वळणं तर आमच्या गगनबावड्याच्या घाटातही नाहीत.

"किरणं?" आई म्हणाली.

पान उलटलं. किरणोत्सवाच्या बातम्या तीन प्रकारच्या असतात, आणि मला त्या न वाचता सांगता येतात. एक, ढगांमुळं निराशा. दोन, किरणं कमरेपर्यंत येऊन लुप्त. तीन, मुखावर आली आणि भाविक धन्य. देवीचं तोंड पश्चिमेला. मावळतीची किरणं रंकाळ्याच्या अंगानं येतात, महाद्वारातून आत शिरतात आणि गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी मुख, असा शिरस्ता. ज्या कुणी हे देऊळ असं बांधलं त्यांच्याकडं ना सल्लागार कंपनी होती ना ड्रोन सर्व्हे.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढंच. सूर्यापासून इथवर पंधरा कोटी किलोमीटर. आठ-साडेआठ मिनिटांचा प्रवास, वाटेत एक टोलनाका नाही. (टोलनाका असता तरी काही बिघडलं नसतं. टोलचं काय करायचं ते टोल रद्द करायला लावणाऱ्या कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको.) तर पंधरा कोटी किलोमीटर बिनबोभाट येणारी ही किरणं अडतात कुठं? शेवटच्या फर्लांगात. कुणाचा वाढीव मजला, कुणाचं पत्र्याचं शेड, कुणाची गच्चीवरची टाकी. दरवर्षी पाहणी होते, अडथळे मोजले जातात, काही उतरवले जातात, आणि पुढच्या वर्षापर्यंत नव्यांना कोंब फुटतात. आठशेहून अधिक किलोमीटरचा भक्तिमार्ग बांधायला निघालेल्या राज्यात सूर्याला शेवटची चारशे पावलं चालता येत नाहीत.

शेवटच्या फर्लांगाचा हा शाप आमच्या गावाला जुनाच. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या योजनेचं नावच मुळी 'थेट पाइपलाइन'. सुमारे ५३ किलोमीटर नळ. मागणी करणाऱ्यांचे केस पांढरे झाले, मग मंजुरी आली, मग दहा वर्षं खोदाई. अखेर २०२३ च्या दिवाळीत पाणी पोचलं आणि काँग्रेसचे नेते सतेज पाटलांनी त्या पाण्यानं अभ्यंगस्नान केलं. पुढाऱ्याच्या आंघोळीची बातमी पहिल्या पानावर आलेली मी आयुष्यात तेवढीच पाहिली. उटणं कुठलं होतं ते काही छापून आलं नाही. त्यानंतर 'थेट' हा शब्द मी घरात जपून वापरतो, कारण आई लगेच नळाकडं बघते.

एकच गोष्ट इथून खरोखर थेट गेली, ती म्हणजे नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण. २०२५ च्या जुलैत तिच्या तब्येतीवरून न्यायालयाचा आदेश झाला आणि ती गुजरातेत अंबानींच्या वनतारा प्राणिकेंद्रात पोचलीसुद्धा. अख्खा शिरोळ तालुका रडला. ३ ऑगस्टला माणसं नांदणीहून चालत कलेक्टर कचेरीवर आली, जैन, मराठा, मुसलमान सगळी. हजारोंनी अंबानींच्या जिओचे मोबाइल नंबर दुसऱ्या कंपनीकडं नेले. तिच्या तब्येतीचा प्रश्न खोटा नव्हता आणि लोकांची मायाही खोटी नव्हती. खोटं काही असेल तर ती आमच्या पुढाऱ्यांना अचानक आलेली जाग. खटला चालू होता तेव्हा ह्यांचा पेपर कोण वाचत होतं कुणास ठाऊक. त्याच ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. चाळीसहून अधिक वर्षं वकील भांडले तेव्हा न्याय भाऊसिंगजी रोडवर आला, हत्तीण गेल्यावर साधारण तीन आठवड्यांनी.

"आरं, किरणं कुठवर?"

"कमरेपर्यंत."

"आणि पाणी?"

"परवा."

आई उठली आणि हंडे पालथे घालायला लागली. मी पेपरची घडी केली.

तर वाचकहो, देवळापासून रंकाळ्यापर्यंतच्या पट्ट्यात ज्यांच्या गच्चीवर टाकी आहे त्यांना हात जोडून विनंती. किरणोत्सवाच्या दिवसांत तेवढी जरा बाजूला सरकवून ठेवा. जड नाही, रिकामीच असते.