जन्मतारीख चुकलेली व्हॅन

जुनी गाडी बाळगायला सरकारची मुळीच ना नाही, फक्त तिनं जन्माला येताना राजपत्र वाचून यावं एवढीच माफक अपेक्षा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या बजाजनगरातल्या एखाद्या गॅरेजच्या मागं उभी असावी अशी एक मेटॅडोर डोळ्यांपुढे आणा. समजा, 1982 ची. पत्रा शाबूत, चासी सरळ, इंजिनाला मात्र दमा. मेस्त्रीचं म्हणणं साधं आहे: इंजिन उतरवू, विजेची मोटार बसवू, खाली बॅटरी टाकू, गाडी आणखी दहा वर्षं भाजी वाहील. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2016 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पूर्णपणे विजेवर न्यायची गाडी 1 जानेवारी 1990 ला किंवा त्यानंतर तयार झालेली असावी लागते. आमची मेटॅडोर आठ वर्षं आधीच जन्मलेली. बरं, म्हातारी तर म्हातारी, मग तिला व्हिंटेजचा मान तरी द्या! तर 2021 च्या नियमांनुसार तो मान मिळायला पन्नाशी पूर्ण व्हावी लागते, आणि तिथं ही पोरगेली ठरते. विजेसाठी वय जास्त, मानासाठी वय कमी. 1976 च्या सुमारापासून 1989 अखेरपर्यंत जन्मलेल्या सगळ्या गाड्यांची आज हीच गत आहे.

कुणी म्हणेल, थोडी कळ काढा, व्हिंटेज होईल की. होईल, पण त्यासाठीच्या अटी मुळातून वाचण्यासारख्या आहेत. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे व्हिंटेज गाडीत विजेची मोटार बसवली की ती त्याच क्षणी व्हिंटेज राहत नाही. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये, दहा वर्षांनी पुन्हा पाच हजार, आणि एवढं मोजल्यावर गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, धंद्याला तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणं एवढ्याच कामांसाठी ती रस्त्यावर येऊ शकते. या यादीतलं शेवटचं कलम मला फार आवडतं. गाडी पंपावर न्यायची, डिझेल भरायचं, ते जाळत घरी यायचं, आणि संपलं की पुन्हा कायदेशीरपणे पंपावर जायचं. धूर काढत फिरण्याची एवढी सुबक तरतूद ज्यांना सुचली, त्यांना धूर बंद करण्याची तरतूद त्याच कागदावर सुचू नये, हे काही कल्पनाशक्तीच्या अभावामुळे झालं असेल असं वाटत नाही. कायद्याच्या लेखी जुन्या गाडीला दोनच गती आहेत, देव्हारा नाहीतर भंगार. मधली जागा गॅरेजची, आणि नेमकी तीच रिकामी ठेवली आहे.

हा प्रश्न बजाजनगरनं विचारावा याला कारण आहे. वाळूजचा बजाज ऑटोचा कारखाना 1985 साली सुरू झाला, उद्घाटनाला राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग आले होते, आणि कारखान्यापाठोपाठ कामगारांची ही वस्ती वाढली. (मेटॅडोर बनवणारी बजाज टेम्पो ही वेगळी कंपनी; फिरोदियांची, आकुर्डीची, आणि 2005 पासून फोर्स मोटर्स. मोरे चौकात या दोन बजाजांची गल्लत केलीत तर तिथला कुणीही निवृत्त फिटर तुम्हाला चहा पाजून दुरुस्त करेल.) हिशोब असा की या कारखान्याच्या पहिल्या चार वर्षांतली झाडून सगळी वाहनं याच फटीत सापडतात. एम-80 आली 1986 साली. ती विजेवर जाऊ शकत नाही आणि व्हिंटेज व्हायलाही तिला 2036 उजाडेल. कंपनीनं मात्र रीतसर तोड काढली. 2020 साली चेतक विजेवर बाजारात आली: नाव जुनं, बाकी सगळं नवं. नावाला जन्मतारखेची अट नसते. आज वाळूजमधून विजेच्या रिक्षाही बाहेर पडतात, त्यांचे सुटे भाग आसपासच्या वर्कशॉपांत घडतात, आणि ते घडवणाऱ्या माणसाला स्वतःच्या दारातली जुनी व्हॅन विजेवर न्यायची म्हटली की तो अनधिकृत ठरतो.

असं रूपांतर हे हौशी लोकांचं खूळ आहे, असा समज असेल तर तो काठमांडूत मोडतो. तिथं 1993 च्या सुमारास डिझेलच्या विक्रम टेम्पोचं इंजिन काढून त्याला विजेवर चालवण्याचा प्रयोग झाला. तोही लिथियमच्या जमान्यात नव्हे, शिशाच्या जड बॅटऱ्यांवर. त्यातून ‘सफा टेम्पो’ निघाले, शेकड्यांनी वाढले, आणि कितीतरी बायकांनी ते चालवून संसार केले. आपल्याकडेही उदाहरण आहे, आणि ते चांगल्या घरातलं आहे: डिसेंबर 2015 मध्ये खासदारांच्या ने-आणीसाठी विजेवर नेलेली बस संसदेला मिळाली. पंतप्रधानांनी तिची चावी लोकसभा अध्यक्ष सुमित्रा महाजन यांच्याकडे दिली होती. म्हणजे रूपांतर सुरक्षित आहे, निदान खासदारांपुरतं तरी. लांब कशाला, याच शहरात चिकलठाण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिथं जुन्या चासीवरची ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून लोखंडी बॉडी चढवतात, आणि ती बस पुन्हा गावोगाव धावते. महामंडळानं अख्खं अंग बदललं तरी ती पुनर्बांधणी. मेस्त्रीनं हृदय बदललं की तो गुन्हा. आणि शेंद्र्याला ज्यांचा कारखाना आहे त्या फोक्सवॅगननं जर्मनीत काय केलं? 2020 साली 1966 च्या जुन्या बुली व्हॅनमध्ये विजेची मोटार आणि 45 किलोवॉट-तासांची बॅटरी बसवून दाखवली. एका भागीदार कंपनीमार्फत असं रूपांतर 64,900 युरोपासून विकायलाही काढलं. आपल्या पैशांत पन्नास लाखांच्या वर. तिथं ते वारसाजतन म्हणून छापून आलं.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण त्यातले काही खरे आहेत. सगळ्यात वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा. एप्रिल 2022 मध्ये विजेच्या नव्याकोऱ्या स्कूटरी पेटल्या, बॅटरीचे नियम कडक करावे लागले. मग चाळीस वर्षांच्या व्हॅनमध्ये मेस्त्रीनं जोडलेल्या वायरींचं काय? बरोबर प्रश्न आहे. जुने ब्रेक वाढीव वजन पेलतील का, बॅटरी मधोमध बसली की एका कडेला, पावसाळ्यात पाणी कुठून शिरेल, हे तपासलंच पाहिजे. पण यातली कुठली गोष्ट जन्मतारखेवरून कळते? 1989 ची नीट राखलेली चासी आणि 1991 ची गंजून चाळण झालेली चासी शेजारी ठेवा. नियम दुसरीला दार उघडतो. कॅलेंडर बघून ब्रेक तपासायची ही पद्धत स्वस्त आहे, एवढं मान्य. दुसरा आक्षेप परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचा: वीज शेवटी कोळशाचीच ना? होय, बरीचशी कोळशाचीच. तरी विजेची मोटार मिळालेल्या ऊर्जेतली बहुतेक चाकाला देते, आणि डिझेल इंजिन दोन तृतीयांशाच्या आसपास उष्णता आणि धुरात घालवतं. शिवाय हाच आक्षेप नव्या विजेच्या गाडीला लागू असताना तिला मात्र अनुदान आणि टोलमाफी दिली जाते. तेव्हा परळीचा धूर फक्त मेटॅडोरच्या वाट्याला का, हे कुणीतरी सांगावं.

शुद्धतावाद्यांचा आक्षेप वेगळ्या जातीचा. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघानं 2019 मध्ये सांगून टाकलं की विजेवर नेलेली गाडी ऐतिहासिक राहत नाही. बदल करायचाच तर मूळ भाग जपून ठेवा, म्हणजे पुन्हा बसवता येतील. रोल्स-रॉइसबद्दल मला हे पूर्ण मान्य आहे. पण मेटॅडोरचा इतिहास तिच्या पिस्टनमध्ये नाही. तो वऱ्हाडात, बँडपथकात, मंडईच्या पहाटेत आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत आहे. तिचं मूळ रूप म्हणजे वापरात असणं. इंजिन तेल लावून गोणपाटात गुंडाळून ठेवायला सांगितलंत तर मालक आनंदानं ठेवेल, तो एरवीही काही टाकत नाही.

खरी अडचण पैशांची आहे आणि ती जन्मतारखेची अट उद्या गेली तरी उरणार आहे. किट चालतं ते फक्त मान्यताप्राप्त. ती मान्यता पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून, गाडीच्या प्रकारानुसार घ्यायची. स्प्लेंडरसाठी ठाण्याच्या एका कंपनीनं ती घेतली, कारण स्प्लेंडर लाखोंनी आहेत. मेटॅडोरसाठी कोण घेणार? कारखान्यासाठी लिहिलेली ही पद्धत गॅरेजला लावली आहे, हे या प्रकरणातलं मूळ दुखणं. यावर या शहराची म्हणून एक खास विद्या आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या आणि घाऊक सवलत मिळवली. पुढं विजेच्या गाड्यांनाही तोच मंत्र लावला. दीडशे मेटॅडोरवाले जमले तर एका किटच्या चाचणीचा खर्च वाटून घेता येईल. त्यांच्या बैठकीचा फोटो देशभर छापून येणार नाही, एवढाच फरक.

आणि एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करणं अशक्य आहे असंही नाही. ब्रिटननं ऑगस्ट 2025 पासून विजेवर नेलेल्या जुन्या गाडीला तिची मूळ ओळख आणि नोंदणी क्रमांक ठेवायची मुभा दिली आहे. आपल्याला तर नवं काही बांधायचीही गरज नाही, करोडीला आरटीओचा ट्रॅक आहे. व्हिंटेजसाठी वीस हजार घेता, मेटॅडोरवाला तेवढेच भरेल. त्या पैशांत साहेबांनी गाडीत पूर्ण वजन भरावं, मेस्त्रीला शेजारी बसवावं, वेग धरून ब्रेक दाबावा आणि गाडी कुठं थांबते ते टेपनं मोजावं. थांबली तर आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात ‘वीज’ लिहावं, नाही थांबली तर वीस हजार जप्त.