सम कुठाय?

माझा कान तयार आहे. हे मला कुणा बुवांनी सांगितलेलं नाही, मीच सांगत असतो. शाळेत असताना तबल्याच्या क्लासला जात होतो, एवढ्या भांडवलावर मी सवाई गंधर्वला शेजारच्या श्रोत्याचा मांडीवरचा ताल नजरेनं दुरुस्त करत आलो आहे. त्यामुळे ऐन पावसाळ्यात आमची फियाट मिसिंग मारायला लागली, तेव्हा मला आतून जरा बरंच वाटलं. घरचे ‘आता तरी विका’ म्हणत होते आणि मी बॉनेट वर करून, डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून उभा होतो. उघड्या बॉनेटसमोर डोळे मिटून उभा राहणारा माणूस सोसायटीत विद्वान समजला जातो, निदान पहिली दहा मिनिटं तरी.

फियाट म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी. पण पद्मिनी हे नाव कारखान्यानं ठेवलं, लोकांनी नाही.

आता हा ठेका समजून घ्या. इंजिन 1089 सीसीचं, सिलिंडर चार. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो, आणि तोही रांगेनं नाही, क्रम एक-तीन-चार-दोन. गाडी जागेवर उभी असताना मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे, म्हणजे सोळाशे ठिणग्या. एवढी द्रुत लय एखाद्या तबलजीनं दाखवली तर आपण उभं राहून टाळ्या वाजवू, आणि इथे सिग्नलला मागचा माणूस हॉर्न वाजवतो. चार-चारची ही दोन आवर्तनं जोडली की चक्क केरवा होतो: धा गे ना ति, न क धि न. आमच्या गाडीत ऐकू येत होतं ते असं: धा, काहीच नाही, ना ति, न, काहीच नाही, धि न. चारातली एक मात्रा खाली.

जाणकार लगेच म्हणतील, खालीत मात्रा गळत नसते, फक्त डग्ग्याची आस गप्प होते. अगदी मान्य. गाडीतही मात्रा गळत नव्हती. पिस्टन वर-खाली होतच होता, पेट्रोल पितच होता, नुसता धमाका गप्प होता. म्हणजे शास्त्रार्थानंसुद्धा ती खालीच. हे सुचलं त्या रात्री मला झोप आली नाही. रूपकात तर समेवरच खाली येते, तेव्हा पहिलाच सिलिंडर मेलेल्या गाडीला रूपकातली गाडी म्हणावं काय, आणि तीन सिलिंडरची मारुती एट हंड्रेड ही मुळात दादऱ्यातली धरावी काय, यावर मी एका मित्राशी फोनवर पुष्कळ बोललो. मित्राकडे इलेक्ट्रिक गाडी आहे. तो म्हणाला, ‘माझी तर ध्रुपदाच्या आलापात असते.’ त्यानंतर आमचं बोलणं कमी झालं आहे.

निदान बरोबरच होतं: चारातला एक जण काम करत नाही. पण कुठला? इथे माझा कान संपला. ठेक्यात दुसरी मात्रा ओळखायची तर पहिली माहीत हवी, आणि इंजिनाला सम नसते. चौघंही सारख्याच आवाजात फुटतात. मोजणी कुठूनही सुरू करा, खाली जिथे म्हणाल तिथे पडते.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं स्कॅनर आणला आणि तो जोडायचं सॉकेट डॅशबोर्डखाली बराच वेळ शोधलं. ते नाही म्हटल्यावर त्यानं थेट गाडी स्क्रॅप करण्याचा सल्ला दिला.

मग नेहमीचे मिस्त्री. नाना पेठेच्या बाजूला पत्र्याची शेड, शेजारी डेंटिंगवाला. मी त्यांना केरव्यासकट सगळं सांगितलं. मिस्त्री माझ्या ओठांकडे बघत होते. बोलून झाल्यावर म्हणाले, ‘साहेब, जरा मोठ्यानं.’

मिस्त्रींना ऐकू येत नाही, फारच थोडं येतं. ते मागे जाऊन उकिडवे बसले आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरला. धुराचे फटकारे हातावर मोजत म्हणाले, ‘एक मार खातोय.’ मग पुढे येऊन, पकडीच्या दांडीवर रबर चढवून, चालू इंजिनावरच प्लगची एकेक टोपी काढायला लागले. एक काढली, इंजिन गचकलं, लावली. दोन, तसंच. तीन नंबरची काढली, तर इंजिनाला पत्ताच नाही. बॉनेटवर टेकलेल्या दुसऱ्या हाताला त्यांना ते कळत होतं. प्लग काढला तर पेट्रोलनं ओला. तो चार नंबरला लावून पाहिला, खोट तीनलाच राहिली. म्हणजे प्लग निर्दोष. वायर बदलली, तरी तीनच. शेवटी डिस्ट्रिब्युटरची कॅप उतरवून शेडच्या अंधारात टॉर्चपुढे धरली. आतून केसाएवढी चीर, तिच्यात काजळीची रेघ. बारा व्होल्टचे कॉइल पंधरा-वीस हजार करून देते, आणि पावसाळी ओल धरलेली ती रेघ तिसऱ्याचा वाटा प्लगपर्यंत पोचण्याआधीच बॉडीत उतरवते. उन्हाळ्यात हीच कॅप साळसूद.

‘कानाचं मशीन का घेत नाही?’ मी ओरडून विचारलं.

‘मुलानं घेऊन दिलंय. गॅरेजात लावत नाही. फार आवाज होतो.’

हसलो खरा. पण ज्या आवाजाचा मी रसिक म्हणून मिरवतो, त्याच आवाजानं या माणसाचे कान खाल्ले आहेत. पत्र्याखाली आयुष्यभर रेस केलेली इंजिनं, शेजारी हातोडा, आणि कानात घालायला कापसाचा बोळासुद्धा कुणी दिला नाही. आम्ही गिऱ्हाइकांनी तर नाहीच. आम्ही ‘जरा रेस करून दाखवा’ म्हणणारे. पत्र्याखालच्या त्या माणसाचं काय झालं, हे मैफलीतल्या आवाजाची पातळी कमी करा म्हणून अर्ज लिहिणाऱ्या मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं, याचा राग येतो.

मिस्त्रींनी ब्लेडनं काजळी खरवडली आणि मला घरी पिटाळलं, नेलपॉलिश आणायला. चीर त्यानं भरली, वाळवली. गाडी चारांवर आली. नेलपॉलिश लाल होतं आणि बायकोचं आवडतं होतं.

पण हे टिकाऊ नाही. ही गाडी बनणं 2000च्या आसपास थांबलं. मुंबईत या टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होतं. वीस वर्षांच्या मुदतीमुळे शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. जुन्या बाजारात आता चकचकीत डुप्लिकेट कॅपा मिळतात, त्या पहिल्या पावसात बसतात.

तेव्हा वाचकहो, कुणाच्या माळ्यावर फियाटची जुनी ओरिजिनल कॅप पडली असेल, काळी, प्लगची चार टोकं आणि मधे कॉइलचं एक, तर भंगारात घालू नका. टॉर्चच्या उजेडात आतून चीर नाही ना, तेवढं पाहून घ्या आणि कळवा. पैसे रोख देईन.