पहिलं नाव बाबांचं

‘आजकालच्या पोरांना पैशाची किंमत नाही’ हे वाक्य ऐकायचं असेल तर निपाणीच्या पेट्रोल पंपावर थांबा. लिटरमागे चार पैसे वाचवायला बाबा कागलहून कर्नाटकात गाडी आणतात. वाटेत कोगनोळी नाक्यावर टोल भरतात, टाकी फुल्ल करतात आणि मागच्या सीटवरच्या चिरंजीवांना काटकसरीवर व्याख्यान देतात. चिरंजीव तेव्हा घरपोच सेवेचे चाळीस रुपये वाचवण्यासाठी मोबाइलवर तीनशेची जादा खरेदी करत असतात. विद्यार्थी हुशार; धडा अचूक गिरवलाय.

दुसरी शाळा निपाणीतल्याच एका घरात भरते. तिथं भाषण नसतं. आजीनं जन्मभर विड्या वळल्या. मजुरी हजार विड्यांमागे, त्यातून छाट म्हणजे नाकारलेल्या विड्या वजा व्हायच्या, उरल्या पैशातून भिशी जायची. २०२३ च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या महिलांसाठीच्या ‘शक्ती’ योजनेत नातीला सरकारी बसचा प्रवास फुकट. शून्य रुपयांच्या तिकिटाच्या पाठीवर ती आठवड्याचा खर्च मांडते. तिला काटकसर शिकवल्याचं कुणाला आठवत नाही, म्हणूनच बहुधा ती शिकली.

आता रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतः खातं चालवू देण्याची बँकांची जुनीच मुभा कायम ठेवली, तर बाबा हवालदिल: पोरगं पैसे उडवील! बाबा, खातं त्याच्या एकट्याच्या नावावर असेल. सवयींचं खातं मात्र संयुक्तच, आणि त्यात पहिलं नाव तुमचं.