पाडेली

सिंधुदुर्गात तहसीलदाराची भेट मिळते, पाडेल्याची, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याची, मिळत नाही. निरोप धाडला की उत्तर ठरलेलं, "फाल्या येतंय," म्हणजे उद्या येतो. चतुर्थीच्या आधी दिलेली ही फाल्या दिवाळीनंतर उगवते, तीही घरात सगळ्यांचा डोळा लागलेला असताना, भल्या पहाटे.

आल्या आल्या तो चढत नाही. आधी चहा, मग मान वर करून माडाचं निरीक्षण. त्याच वेळात मनातल्या मनात मजुरीचा आकडा ठरत असतो. मग कमरेच्या आकडीला कोयता लटकतो, पायांत काथ्याचा फास अडकतो आणि गडी सरसर वर. सुकलेल्या झावळीला हात लावायचा नाही, एवढा एकच नेम तो आयुष्यात पाळतो. बाकीचे बायको पाळते. "बाजूक व्हा!" अशी आरोळीही देतो, मात्र नारळ सुटल्यावर.

नारळ विकास मंडळाचं चढायचं यंत्र त्याने पाहिलंय. एका माडाला गुंडाळा, सोडा, पुढच्याला पुन्हा गुंडाळा. "तितक्यात माझे दोन माड होतत."

खरा तोरा झाडतोडीच्या दिवशी. आंबा-फणस मोकळ्यावर असला तर पडायच्या बाजूला खाच घेतो, मग उलट बाजूने कापत येतो आणि मधे थोडं लाकूड राखतो. त्या बिजागरीवर झाड हव्या त्या दिशेला वळतं. दोर ओढायला चार माणसं लागतात, सल्ला द्यायला अख्खी वाडी जमते. निवृत्त मास्तर कोन मोजतात. पाडेली सगळ्यांना "होय, होय" म्हणतो आणि झाड स्वतःच्या मनातल्या जागी पाडतो. उंचीला तो भीत नाही. भितो ते ऐन वेळी दोर सोडून व्हिडिओ काढणाऱ्यांना.

सासुरवाडी पेडण्याची, त्यामुळे कायदाही त्याला कळतो. गोव्यात 2016 साली माड कायद्यातल्या झाडांतून वगळला गेला, 2017 मध्ये तोच राज्यवृक्ष ठरला. "म्हणजे माड झाडांतून उतारलो नि परत चढलो. मजुरी कोणाक गावली?"

घरावर कललेला माड मात्र आंबा-फणसासारखा बुंध्यातून तोडता येत नाही. आधी शेंडा उतरवायचा, मग वरून खाली खोडाचे तुकडे, एकेक दोराने सोडत. पैशांचा विषय तो इथेच काढतो. शेंडा गेलेला, अर्धं खोड कौलांवर वाकलेलं, आणि हा खाली येऊन विडी पेटवत विचारतो, "मगे? किती देतास?"