आधीच्या भाडेकरूचं सामान
सुरतेत पांडेसऱ्याच्या जीआयडीसीतल्या मिलांमधून रोज साड्यांचे ताकेच्या ताके छापून निघतात, पण रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे सातबाऱ्याचं एक पान निघत नाही. शेत अमळनेरकडचं, मालक इथे डाइंगमध्ये कामाला आणि भुसावळची गाडी रात्रीची.

"काय व्हयनं भो?" रांगेतून विचारणा होते. पाठोपाठ सल्ला येतो, "बंद करीसन चालू कर ना."

करून झालेलं असतं. पण छपाईची रांग डिस्कवर लिहिलेली असते. कॉम्प्युटर झोपून उठला तरी अडलेलं पान त्याला जसंच्या तसं आठवतं. उधारी विसरणारी माणसं पाहिली की या यंत्राचा आदर वाटतो.

कॉम्प्युटर विंडोज 7 चा. मायक्रोसॉफ्टने 2020 च्या जानेवारीत त्याच्याकडे पाठ फिरवली, दुकानदाराने नाही. कॉम्प्युटरच्या पोटात आजवर आलेल्या प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर आहे. भाडेकरू कधीच गेला, सामान माळ्यावर. चलानं छापणारा डॉट मॅट्रिक्स मात्र अजून नांदतोय. तो कोणी काढत नाही, कारण कार्बनखालच्या प्रतींवर अक्षर उमटायला पिनांचे ठोकेच लागतात, लेझरचं ते काम नव्हे. कोणी चुकून त्याला डिफॉल्ट करून ठेवलं, की आधार कार्ड त्याच्याकडे जातं आणि तो ते करकरत, रेघारेघांनी, मन लावून बिघडवतो. नवा ड्रायव्हर टाकावा तर तो 64 बिटचा आणि मशीन 32 चं. दोघांचं जमत नाही, मध्यस्थीही चालत नाही.

प्रिंटरपायी माणसं कुठवर जातात, याला इतिहास आहे. 1980 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमनना नव्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकल्याची वर्दी देणारी सोय घालायची होती. पण त्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड काही मिळाला नाही. तो सल मनात राहिला आणि 1983 मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ त्यातून उभी राहिली. पांडेसऱ्यातही राग तेवढाच होता, पण गाडी रात्रीची असल्याने चळवळीला वेळ नव्हता.

शेवटी दुकानातल्या पोराच्या लक्षात आलं, की सकाळी झाडताना यूएसबीची वायर शेजारच्या भोकात गेली होती. एवढ्यावरून विंडोजने त्याच प्रिंटरला नवा पाहुणा समजून 'कॉपी 1' असं नाव दिलं होतं आणि सगळे हुकूम मात्र जुन्या नावाकडेच जात होते. पोराने वायर मूळ जागी खोचली. जुनं नाव जागं झालं आणि मघापासून दाबलेले सगळे हुकूम त्याने इमानाने पाळले: सातबारा, सातबारा, मध्येच कोणाचं तरी लाइटबिल, पुन्हा सातबारा.

"दादा, एकाचेच पैसे द्या," दुकानदार ओशाळून म्हणाला.

दादांनी सगळ्या प्रती नीट घडी करून खिशात घातल्या. भावकी मोठी होती.