एक मिनिट तीस सेकंद

लिनक्सकाका ही जमात पुण्यातही आढळते, पण बेंगळुरूच्या हवेत ती जरा जास्तच फोफावते. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स इथे आली, मागोमाग इतर कंपन्या आल्या, आणि तिथे नोकरीला लागलेली मराठी पोरं आता निवृत्त होऊन मल्लेश्वरम-जयनगरात झाडांना पाणी घालतात. त्यातलाच एखादा झाडांना पाणी घालत नाही. तो घरात सर्व्हर ठेवतो.

सर्व्हर म्हणजे माळ्यावरून उतरवलेला जुना पीसी. एस. पी. रोडवर घासाघीस करून आणलेली हार्ड डिस्क त्यात बसली, की घरादाराचे फोटो, अभंग, विम्याचे कागद सगळं तिच्यात जातं. बाकीच्या कॉम्प्युटरवर ते एनएफएस या नेटवर्क फाइल सिस्टिमने दिसतं. ‘सन कंपनीने 1984 साली काढलंय, अजून तोड नाही!’ हे काका अशा थाटात सांगतात, जणू बारशाची कुंची यांनीच शिवली होती.

घोडं अडतं ते मशीन सुरू होताना. पाऊस पडला, वीज जाऊन आली, की राउटर, सर्व्हर आणि काकूंचा कॉम्प्युटर एकदमच जागे होतात. काकूंचा उठल्या उठल्या फोल्डर मागतो. सर्व्हर अजून डोळे चोळत असतो. स्क्रीनवर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ येते, कंसात लाल चांदण्या येरझारा घालतात आणि आकडा सेकंदासेकंदाने एक मिनिट तीसकडे सरकतो. काकू तेवढ्यात कुकर लावून येतात.

‘अहो, फोटो दिसत नाहीयेत.’

‘दिसतील. नेटवर्क यायच्या आधीच फोल्डर माउंट करायला बघतंय ते.’

काका टर्मिनल उघडून ‘माउंट डॅश ए’ मारतात. फोटो दिसतात. पुढच्या पावसापर्यंत.

उपाय काकांना पाठ आहेत. कुठला फोल्डर कुठे जोडायचा हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत त्या फोल्डरच्या ओळीत ‘नोफेल’ घातलं, तर सर्व्हर नसला तरी मशीन अडून बसत नाही. मशीन सुरू करणाऱ्या सिस्टमडीचं ऑटोमाउंट लावलं, तर फोल्डर कोणी उघडेल तेव्हाच जोडला जातो. आणि वायफाय लॉगिननंतरच जोडलं जात असेल, तर ते सर्व युजर्सना खुलं करायचं. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात गाठ पडेल त्याला काका हे कागदावर लिहून देतात, आणि त्या लोकांची मशीन मुकाट चालतात.

घरी मात्र तत्त्वाचा प्रश्न येतो. ‘नोफेल म्हणजे रोग झाकणं. आधी मूळ कारण सापडू दे.’ मग रात्री उशिरापर्यंत लॉगचं पारायण. एका उन्हाळ्यात सगळं विनातक्रार चाललं, तर काकांचा चेहरा उतरला. शेवटी त्यांनी लिनक्सचा नवा कर्नेल टाकला, काहीतरी बिघडलं, आणि जेवणात पुन्हा चव आली.

काकूंनी सगळे फोटो केव्हाच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलेत. हवे असतील तर त्यांच्याकडे मागा; काकांसमोर विषय काढू नका.